‘ब्रेक फेल’च्या आड काय काय दडते

नागपुरात मालवाहू गाडीने कुणाला उडवले की बातमीत दोनच शब्द येतात, ब्रेक फेल. या दोन शब्दांनी निदान तीन वेगळे बिघाड एकाच पोत्यात भरले आहेत.

शहरात माल पोचवणाऱ्या छोट्या गाड्यांचा ब्रेक ऑइलवर चालतो. हे ऑइल हवेतला ओलावा ओढून घेते. डॉट ३ प्रतीच्या ताज्या ऑइलने किमान २०५ अंशांपर्यंत उकळू नये असे मानक आहे, पण ओलावा मुरलेल्या ऑइलसाठी ही मर्यादा १४० वर येते. चाक तापून ऑइल उकळले की नळीत वाफ धरते आणि पेडल सरळ तळाला जाते. गाडी थंडावल्यावर तेच पेडल पुन्हा वर येते, म्हणून दुसऱ्या दिवशी तपासणाऱ्याला सगळे ठीक दिसते आणि दोष चालकाच्या माथी जातो.

मोठ्या ट्रकचा ब्रेक हवेच्या दाबावर चालतो, तिथे ‘हवा संपली’ म्हणतात. पण ज्या गाडीत हवेचा दाब ब्रेकची स्प्रिंग मागे धरून ठेवतो, त्या स्प्रिंगचे चेंबर असलेल्या गाडीत हवा उतरली तर मागची चाके जाम होतात, मोकळी सुटत नाहीत. तिथे बहुतेकदा उष्णता घात करते. शिवनीकडून कुरई घाट उतरताना डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रलवर सोडली, की सगळा भार ब्रेकवर येतो, चाकासोबत फिरणारा ड्रम तापतो आणि त्याला आतून घासून गाडी थांबवणाऱ्या लायनरची पकड सुटते.

तिसरा बिघाड हळूहळू होतो, आणि माझ्या मते खरा प्रश्न हाच आहे. वाडीकडच्या एखाद्या गॅरेजात ड्रम उतरवताना उभे राहून बघा. आत उष्णतेचे निळसर डाग असतात, लायनर रिव्हेटपर्यंत झिजलेला असतो आणि रिव्हेटने ड्रमवर चरे पाडलेले असतात. ही झीज एका दिवसात होत नाही. हिला ‘फेल’ म्हणणे म्हणजे महिनोन्‌महिने टाळलेल्या कामाला अचानक आलेल्या संकटाचे नाव देणे.

‘छोटा हत्ती’ म्हणतात ती टाटांची छोटी मालवाहू गाडी २००५ मध्ये आली आणि गल्लीबोळातली माल-वाहतूक बदलली. २०१७ मध्ये जीएसटी लागू झाल्यावर गोदामांची गणिते बदलली. पुढे घरपोच मालाचे दिवस आले आणि गाडी उभी ठेवणे म्हणजे खेप बुडणे झाले.

तपासणीचे नियम मात्र रेंगाळत राहिले. ब्रेक तपासायला २५० मीटरचा पथ हवा, यासाठी राज्यात न्यायालयात जावे लागले. नोव्हेंबर २०१८ मध्ये आठ वर्षांपर्यंतच्या गाडीचे पासिंग, म्हणजे ती रस्त्यावर चालण्यास योग्य आहे का याची सरकारी तपासणी, वर्षाऐवजी दोन वर्षांनी करायचे ठरले. मालकांची धावपळ वाचली, हे खरे. पण ब्रेकच्या दृष्टीने हा निर्णय मला आजही पटत नाही. यंत्रावरच्या तपासणीची सक्ती अवजड गाड्यांना १ एप्रिल २०२३ पासून होणार होती, तीही पुढे ढकलली गेली.

रोज शंभर किलोमीटर आणि वर्षाला तीनशे दिवस धरले तर दोन पासिंगच्या मध्ये गाडी साठ हजार किलोमीटर धावते. तेवढ्या काळात ड्रम उघडायचा की नाही, हे ज्याची एक दिवसाची खेप बुडणार आहे तोच ठरवतो.