ओओएम किलर

ओओएम किलर : लिनक्स कर्नलमधली (लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टमच्या गाभ्यातली) अगदी शेवटच्या घटकेला धावणारी यंत्रणा. काही केल्या मेमरी मोकळी होईना अशी वेळ आली, की कर्नल चालू प्रोसेसपैकी (चालत असलेल्या प्रोग्रामपैकी) एक निवडतो आणि तिला ठार करतो. ‘आउट ऑफ मेमरी’ची आद्याक्षरे घेऊन हे नाव पडले. नाव भयंकर आहे आणि कामही तसेच : आवरते घ्यायला अवधी नाही, उघडी फाइल जतन करायची सोय नाही. सिग्नल क्रमांक ९, म्हणजे टाळता न येणारा संपण्याचा हुकूम, येतो आणि प्रोसेस संपते.

अशी वेळ मुळात का येते, हे देवगडच्या बागेत लवकर कळते. झाडांवर मोहोर असतानाच बागायतदार मुंबई-पुण्याच्या गिऱ्हाइकांना पेट्यांचा शब्द देऊन बसतो. किती फळ धरेल ते त्याला ठाऊक नसते. पण सगळी गिऱ्हाइके एकाच आठवड्यात येत नाहीत आणि काही फिरकतही नाहीत, हे ठाऊक असते. कर्नलचा व्यवहारही असाच शब्दावर चालतो. प्रोग्रामने १ जीबी मागितली की त्याला पत्ता मिळतो, मेमरी मिळत नाही. त्या पत्त्यावर पहिल्यांदा काही लिहायला गेले की पेज फॉल्ट होतो (तिथे अजून मेमरी नाही हे कर्नलला कळते) आणि तेवढे एकच पान, म्हणजे मेमरीचा ठरावीक आकाराचा तुकडा, पदरात पडते; नेहमीच्या पीसीवर ते ४ केबीचे असते. असा ऐपतीबाहेर शब्द देण्याला ओव्हरकमिट म्हणतात.

याची सर्वांत जास्त गरज पडते ती फोर्कमुळे. फोर्क म्हणजे चालत्या प्रोसेसची हुबेहूब दुसरी प्रत काढणे. ३ जीबीच्या प्रोसेसने फोर्क केला, की हिशेबाने आणखी ३ जीबी लागते; प्रत्यक्षात दोघी तीच पाने वाटून घेतात आणि ज्या पानात बदल होईल तेवढ्याचीच नवी प्रत निघते. कर्नल हिशेबाला चिकटून बसला तर साधी साधी कामे अडतील. म्हणून ओव्हरकमिटच्या तीन पद्धती ठेवल्या आहेत. ० म्हणजे उघडउघड अवास्तव मागणी तेवढी नाकारायची. न बदलल्यास हीच चालू असते. १ म्हणजे कोणालाही नाही म्हणायचे नाही. २ म्हणजे रोखठोक : स्वॅप (रॅम अपुरी पडल्यास वापरायची डिस्कवरची जागा) अधिक रॅमचा ठरावीक हिस्सा (सांगितले नसेल तर ५० टक्के), यापलीकडे शब्दच द्यायचा नाही. गंमत अशी, की पोस्टग्रेसच्या मार्गदर्शनात २ सुचवलेली आहे आणि रेडिस मात्र १ लावायला सांगतो, कारण डेटा डिस्कवर उतरवताना तो फोर्क करतो. दोन्ही डेटाबेस एकाच यंत्रावर चालवणाऱ्याने कोणाचे ऐकायचे हे ज्याचे त्याने ठरवावे.

किलरला हाक मारण्यापूर्वी कर्नल बराच घाम गाळतो. मोकळी पाने ठरावीक खुणेच्या खाली गेली, की केस्वॅपडी हा कर्नलचा धागा (पडद्यामागे चालणारे काम) जागा होतो. डिस्कवरच्या फाइलींची कॅशमधली पाने तो टाकून देतो, बदललेली पाने आधी डिस्कवर लिहून काढतो आणि प्रोग्रामचा स्वतःचा डेटा स्वॅपमध्ये हलवतो. पाणी त्याहूनही खाली गेले, की मेमरी मागायला आलेल्या प्रोसेसलाच या साफसफाईला जुंपले जाते. स्वॅप नसेल तर प्रोग्रामचा डेटा हलवायला जागाच उरत नाही. मग प्रोग्रामच्या कोडची पाने टाकली जातात आणि पुढच्याच क्षणी डिस्कवरून परत वाचावी लागतात. माउस अडकतो, डिस्कचा दिवा फडफडत राहतो आणि यंत्र जिवंत की मेलेले ते कळेनासे होते. हा टप्पा कधीकधी कित्येक मिनिटे चालतो. खरे हाल इथेच होतात. किलर येतो तेव्हा सुटल्यासारखे वाटते.

बळी निवडण्याचा नियम आज अगदी साधा आहे. पूर्वी प्रोसेस किती वेळ चालली, तिचा अग्रक्रम काय, असल्या अनेक गोष्टी गुणांत मिसळलेल्या असत आणि निकाल कोणालाच सांगता येत नसे. २०१० साली २.६.३६ या आवृत्तीत ही गुणपद्धती नव्याने लिहिली गेली. आता प्रोसेसची रॅममधली पाने, स्वॅपमधला भाग आणि तिच्या पेज टेबलांची (कोणत्या पत्त्यावर कोणते पान हे नोंदणाऱ्या तक्त्यांची) जागा यांची बेरीज करतात. जिची बेरीज मोठी तिचा नंबर. पहिली प्रोसेस इनिट आणि कर्नलचे स्वतःचे धागे यांना हात लावत नाहीत. व्यवस्थापकाला −१००० ते +१००० या पट्ट्यात झुकते माप देता येते आणि त्यातला एक आकडा म्हणजे एकूण मेमरीचा हजारावा भाग. ८ जीबीच्या, स्वॅप नसलेल्या यंत्रावर −५०० म्हणजे जवळपास ४ जीबीची सूट. −१००० म्हणजे पूर्ण अभय. दुरून लॉगिन घेणारा एसएसएच सर्व्हर हे अभय स्वतःच लावून घेतो, नाहीतर बिघाड पाहायला यंत्रात शिरणेच अशक्य होईल.

या नियमात दोष कोणाचा हा प्रश्नच नाही. रत्नागिरीतल्या एखाद्या आंबा व्यापाऱ्याच्या पेढीवरचा ४ जीबीचा, स्वॅप नसलेला संगणक घ्या. बिलांचा डेटाबेस १.२ जीबी धरून वर्षभर मुकाट चालतो आहे. ऐन हंगामात कोणीतरी वेबसाइटसाठी पेट्यांचे फोटो लहान करणारी स्क्रिप्ट लावतो आणि ती एकदम आठ प्रोसेस सोडते, प्रत्येकी ३०० एमबीच्या. आठ मिळून २.४ जीबी झाली, मेमरी संपली. पण एकेकट्या पाहिल्या तर आठही लहानच. सर्वांत मोठा दिसतो तो डेटाबेस आणि मारला जातो तोच. बिले थांबली, ट्रक खोळंबला आणि फोटो मात्र छान लहान होत राहिले. नंतर कर्नलच्या लॉगमध्ये ‘आउट ऑफ मेमरी : किल्ड प्रोसेस’ अशी ओळ सापडते, तिच्यापुढे डेटाबेसचे नाव असते आणि घाईत वाचणारा दोष डेटाबेसलाच देतो. त्या ओळीच्या वर त्या क्षणाच्या प्रोसेसची यादी छापलेली असते. वाचायची ती यादी.

मारल्यावरही मेमरी लगेच सुटेलच असे नाही. बळी पडलेली प्रोसेस एखाद्या कुलपाची (एका वेळी एकीनेच वापरायच्या गोष्टीवरच्या ताब्याची) वाट पाहत अडकलेली असू शकते आणि ते कुलूप नेमके मेमरी मागत बसलेल्या दुसऱ्या प्रोसेसकडे असते. यावर ४.६ या आवृत्तीत (२०१६) ओओएम रीपर हा धागा आला. प्रोसेस पुरती संपायची वाट न पाहता तो तिचा डेटा काढून घेतो.

सीग्रुपने (प्रोसेसच्या गटाला वाटा ठरवून देणाऱ्या कर्नलच्या सोयीने) मेमरीची मर्यादा घातली असेल तर सगळे नाट्य त्या मर्यादेच्या आतच घडते. यंत्रात ढीगभर मेमरी मोकळी असली, तरी कंटेनरने (अशा गटात वेगळ्या ठेवलेल्या प्रोग्रामने) आपला वाटा ओलांडला की त्याच्यातलीच प्रोसेस मरते. प्रोसेस संपल्यावर निकास क्रमांक (ती कशी संपली हे सांगणारा आकडा) १३७ दिसतो तो बहुधा याचाच : १२८ अधिक सिग्नलचे ९.

कर्नलचा किलर उशिरा जागा होतो ही तक्रार जुनी आहे. ४.२० आवृत्तीपासून (२०१८) मेमरीच्या ताणामुळे प्रोसेस किती वेळ खोळंबल्या याचे मोजमाप कर्नल देतो. त्याच्या आधारावर सिस्टमडी-ओओएमडीसारखे प्रोग्राम यंत्र गोठण्याआधीच कोणाला तरी बाहेर काढतात. विंडोजची रीत निराळी : रॅम आणि पेजफाइल (विंडोजचा स्वॅप) यांच्या बेरजेपलीकडे तो शब्दच देत नाही, मागणी तिथल्या तिथे नाकारतो. तत्त्व म्हणून हे सरळ खरे, पण नकार आल्यावर काय करायचे हे अनेक प्रोग्रामांनी लिहिलेलेच नसते, तेव्हा मरण टळत नाही.

सर्वसामान्य माणसाची या प्रकाराशी गाठ पडते ती फोनवर. अँड्रॉइडमध्ये एलएमकेडी नावाची सेवा मेमरी पुरती संपायची वाट न पाहता अ‍ॅप मारते आणि ते आकारापेक्षा उपयोगाकडे पाहून. समोर उघडलेल्या अ‍ॅपला ०, सूचनापट्टीत सतत दिसत राहून चालणाऱ्याला साधारण २००, मागे नुसते पडून असलेल्याला ९०० च्या पुढे. आकडा मोठा तो आधी जातो. हर्णैच्या बंदरात लिलावाआधी मासळीचा फोटो काढायला कोणी २ जीबीच्या फोनवर कॅमेरा उघडतो. होडीचा मार्ग नोंदणारे अ‍ॅप सूचनापट्टीत असल्यामुळे चालूच राहते. अर्धवट भरलेला मासळीचा हिशेब मात्र मागे पडलेला असतो. परत येऊन पाहावे तर ते अ‍ॅप पहिल्या पानापासून सुरू होते आणि टोपल्यांचे आकडे पुन्हा भरावे लागतात.