साताऱ्याचे सपाट माथे आणि ‘झोपलेला ज्वालामुखी’

अजिंक्यतारा, सज्जनगड यांसारखे सपाट माथ्याचे डोंगर म्हणजे झोपलेले ज्वालामुखी असून ते कधीही जागे होतील, असे वर्षानुवर्षे सांगितले जाते. खडक ज्वालामुखीजन्यच आहे, आणि समज टिकला तो बहुधा त्यामुळेच. मात्र सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी हा लाव्हा प्रामुख्याने जमिनीच्या लांबलचक भेगांतून वाहिला, थरावर थर साचत गेला, आणि पुढे पावसाने व नद्यांनी ते थर कापून काढल्यावर जे उरले, ते हे डोंगर. पडताळणीसाठी गवत वाळल्यावर समोरासमोरचे कडे न्याहाळावेत: काळ्या दगडाचे आडवे पट्टे दरीच्या दोन्ही बाजूंना जवळपास एकाच उंचीवर जुळतात. शंकूच्या आकाराच्या ज्वालामुखीत ते मुखापासून बाहेरच्या बाजूला उतरते दिसले असते.