पाणबुडीच्या मागावर: एका निवृत्त नौदल ऑब्झर्व्हरच्या कारकिर्दीमागचा इतिहास

बीड, लातूर, परभणी या पट्ट्यातून फौजेत जाणाऱ्या पोरांची वाट बहुधा लष्करातच जाते. समुद्र इथून लांब, आणि डोळ्यांत भरेल एवढं पाणी बघायचं तर पैठणचा नाथसागर गाठावा लागतो. त्यामुळे केज तालुक्यातल्या एका शेतकऱ्याच्या मुलाने नौदलाच्या विमानांत बसून वर्षानुवर्षं पाणबुड्या शोधल्या, असं सांगितलं की समोरच्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: किती बुडवल्या? निवृत्तीनंतर ते छत्रपती संभाजीनगरात स्थायिक झाले. आम्ही त्यांना कमांडर काका म्हणतो. प्रश्नाचं उत्तर 'एकही नाही' असं आहे. त्यात कमीपणा का नाही, हे कळायला त्यांच्या स्क्वाड्रनचा, म्हणजे विमानांच्या तुकडीचा, इतिहास माहीत असावा लागतो.

सुरुवात पाणबुडीपासून करू. डिझेलवर चालणारी पाणबुडी पाण्याखाली असताना बॅटरीवर चालते. बॅटरी उतरली की तिला वरच्या थरात येऊन हवा घेण्याची नळी, म्हणजे स्नॉर्केल, पाण्याबाहेर काढावी लागते. तेव्हाच इंजिन सुरू होतं आणि बॅटरी भरते. वर शोधविमान घिरट्या घालत असेल तर ही नळी बाहेर काढणं तिला परवडत नाही. मग ती खाली दडून राहते, हळू चालते, आणि ज्या जहाजाच्या मागे आली होती ते जहाज पुढे निघून जातं. विमानातून एकही पाणतीर (टॉर्पेडो) सुटलेला नसतो, तरी काम झालेलं असतं. नौदलाच्या या शाखेची बरीचशी कामगिरी अशीच आहे, आणि ती कुठल्या स्मारकावर कोरलेली सापडत नाही याचं मला मनापासून वाईट वाटतं.

भारतात या कामाचा पाया घातला आयएनएएस 310 या स्क्वाड्रनने (आयएनएएस म्हणजे भारतीय नौदलाची हवाई स्क्वाड्रन). तिचं नाव 'कोब्रा'. 1961 साली 4 मार्चला बेलफास्टमध्ये विमानवाहू नौका विक्रांत नौदलात दाखल झाली, आणि त्याच महिन्याच्या 21 तारखेला फ्रान्समधल्या इएर इथे कोब्रा स्क्वाड्रन उभी राहिली. पहिले प्रमुख होते लेफ्टनंट कमांडर मिहीर रॉय, जे 1971 च्या युद्धात नौदलाच्या गुप्तवार्ता विभागाचे संचालक होते. विमान फ्रेंच बनावटीचं, ब्रेगे अलिझे. एकच टर्बोप्रॉप इंजिन, घडी होणारे पंख, पोटातून खाली उतरवता येणारा रडारचा घुमट. चाकं ज्या फुगीर कप्प्यांत मिटत, त्यांच्या पुढच्या भागात सोनोबॉय ठेवलेले असत. सोनोबॉय पाण्यात टाकला की तो तरंगत राहतो, खालचा आवाज ऐकतो आणि रेडिओवरून विमानाला कळवतो. विमानात माणसं तीन: एक वैमानिक, बाकी दोघे शोध घेणारे. लोक उडवणाऱ्यालाच ओळखतात. पण रडारच्या पडद्यावर लाटांच्या गोंधळात स्नॉर्केलचा ठिपका ओळखायचा, आवाजांतून जहाज कोणतं आणि पाणबुडी कोणती हे निवडायचं, पुढचा सोनोबॉय कुठे टाकायचा हे ठरवायचं, हे सगळं ऑब्झर्व्हर करतो. काका ऑब्झर्व्हर होते.

समुद्राच्या पाण्याचं गणित मला काकांनी विहिरीवरून समजावलं. मे महिन्यात आपल्याकडच्या विहिरीत उडी मारली की वरचं हातभर पाणी कोमट लागतं आणि जरा खाली गेलं की अंग शहारतं. समुद्रातही असेच थर असतात, फक्त कितीतरी पट खोल. पाण्यातल्या आवाजाचा वेग तापमान, क्षार आणि दाब यांच्यावर ठरतो, त्यामुळे एका थरातून दुसऱ्यात जाताना आवाज वाकतो. जहाजाच्या तळाशी बसवलेल्या सोनारची, म्हणजे आवाजाने पाण्याखालचा शोध घेणाऱ्या यंत्राची, ध्वनिलहर अशी वळली, की थराखाली बसलेली पाणबुडी दोन-तीन मैलांवर असूनही ऐकू येत नाही. अरबी समुद्रात तापलेल्या वरच्या पाण्याचा त्रास, तर बंगालच्या उपसागरात नद्यांच्या गोड्या पाण्याचा. गंगा-ब्रह्मपुत्रेसोबत तिथे आपली गोदावरीही येऊन मिळते. पैठण-नांदेडवरून वाहत गेलेलं पाणी सोनारवाल्यांच्या हिशेबात शिरतं, हे ऐकून मी थक्क झालो होतो. कोचीच्या नौदल भौतिकी आणि सागरविज्ञान प्रयोगशाळेने याच अभ्यासासाठी 'सागरध्वनी' हे संशोधन जहाज वापरलं. ते 1994 पासून सेवेत आहे.

1971 साली हे सगळं प्रत्यक्ष युद्धात समोर आलं. विक्रांतच्या एका बॉयलरला तडा गेला होता, त्यामुळे तिचा वेग कमी झाला होता. तिच्या शिकारीसाठी पाकिस्तानने गाझी ही पाणबुडी बंगालच्या उपसागरात पाठवली. विक्रांतला अंदमानकडे हलवून नौदलाने ती विशाखापट्टणमजवळ असल्याचा आभास निर्माण केला. 3 आणि 4 डिसेंबरच्या मधल्या रात्री गाझी विशाखापट्टणमच्या तोंडाशी बुडाली. आयएनएस राजपूतच्या डेप्थ चार्जमुळे (पाण्याखाली फुटणाऱ्या बॉम्बमुळे) की तिच्याच पाणसुरुंगांमुळे, यावर दोन्ही देशांत अजून वाद आहे. विक्रांतवरच्या सी हॉक विमानांनी मग चितगाव आणि कॉक्स बाजारवर हल्ले केले, आणि अलिझेही त्या मोहिमेत होती.

पश्चिमेला मात्र उलटं घडलं. दीवजवळ पाणबुडी असल्याचा सुगावा लागला म्हणून खुकरी आणि किरपाण या फ्रिगेट वर्गातल्या युद्धनौका तिच्या शोधात निघाल्या. 9 डिसेंबरच्या रात्री पाकिस्तानी पाणबुडी हंगोरने खुकरीवर पाणतीर सोडला. जहाज काही मिनिटांत बुडालं. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांच्यासह 18 अधिकारी आणि 176 नौसैनिक गेले. दुसऱ्याच दिवशी अरबी समुद्रावर एक अलिझे पाकिस्तानच्या एफ-104 लढाऊ विमानाने पाडली, आणि त्यातले तिघेही परतले नाहीत. संथ, हवाई लढतीत निःशस्त्र म्हणावी अशी ती विमानं शत्रूच्या लढाऊ विमानांच्या टप्प्यात जाऊन पाणबुडी शोधत होती. अनेक दिवस शोध चालला, तरी हंगोर निसटून कराचीला पोहोचली. हंगोर डाफ्ने वर्गातली, म्हणजे तीही फ्रान्समध्येच बांधलेली. शिकारी विमान आणि सावज दोन्ही एकाच देशातून आलेले.

खुकरीच्या घावाने नौदलात खूप काही हललं. आरोग्यस्वामी पॉलराज या नौदल अधिकाऱ्याने आधी जुन्या सोनारमध्ये सुधारणा केली आणि पुढे 'अप्सोह' हा देशी सोनार उभा केला. तो 1983 मध्ये आयएनएस हिमगिरीवर बसला. दुसरा उपाय आधीच येऊन ठेपला होता. 1971 च्या एप्रिलमध्ये सी किंग हेलिकॉप्टरची आयएनएएस 330, म्हणजे 'हार्पून' स्क्वाड्रन स्थापन झाली होती. पाण्यावर स्थिर राहून सी किंग दोरखंडाने सोनार खाली सोडतं, आणि हवा तेवढा खोल, अगदी त्या थराच्याही खाली. युद्धाच्या वेळी ही यंत्रणा नवी होती, माणसं अजून शिकत होती. पुढे हेलिकॉप्टर जहाजासोबतच नेण्याची सोय झाली. 10 डिसेंबर 1983 रोजी दाखल झालेल्या आयएनएस गोदावरीवर दोन सी किंग ठेवण्याची व्यवस्था होती.

काकांचा प्रवेश या टप्प्यावरचा. औरंगाबादला 1977 मध्ये राज्य सरकारने सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था काढली. दहावीनंतर मुलांना दोन वर्षं ठेवून एनडीएसाठी, म्हणजे खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीसाठी, तयार करणारी ही संस्था मराठवाड्यासाठी केवढी मोठी गोष्ट होती, हे इंग्रजीत मुलाखत द्यायच्या नुसत्या कल्पनेने घाम फुटणाऱ्या खेड्यातल्या मुलांनाच ठाऊक. काका तिच्या सुरुवातीच्या तुकड्यांतले. खडकवासल्याहून नौदल, मग कोचीच्या आयएनएस गरुडावर ऑब्झर्व्हरचं शिक्षण, आणि गोव्यात दाबोळीच्या आयएनएस हंसावर कोब्रा स्क्वाड्रन. डेकवरून उडणाऱ्या अलिझेचा शेवटचाच काळ त्यांच्या वाट्याला आला. विक्रांतवर सी हॅरिअर या लढाऊ विमानांसाठी स्की जंप, म्हणजे डेकच्या टोकाचा वर वळलेला उतार, बसवताना विमानाला झटक्यात पुढे फेकणारा वाफेचा कॅटापुल्ट काढला, आणि त्याच्याशिवाय अलिझेला डेकवरून झेपावता येत नव्हतं. ती किनाऱ्यावरून उडत राहिली आणि 1991 मध्ये निवृत्त झाली. कोब्राला डॉर्निअर विमानं मिळाली. काका आयएल-38 या दूरच्या टेहळणीच्या विमानांकडे गेले.

ही विमानं नौदलाकडे येण्यामागे हवाई दलाशी झालेली दीर्घ ओढाताण होती. समुद्रावरची दूरची टेहळणी पूर्वी हवाई दल करत असे. जहाजांशी ताळमेळ नसलेली टेहळणी युद्धात अपुरी पडते, ही नौदलाची बाजू 1971 नंतर अधिक ऐकली गेली, आणि 1976 मध्ये हे काम जुन्या सुपर कॉन्स्टेलेशन विमानांसह नौदलाकडे आलं. त्यांची स्क्वाड्रन आयएनएएस 312. माझ्या मते हा निर्णय पाच वर्षं आधी व्हायला हवा होता. 1 ऑक्टोबर 1977 रोजी दाबोळीला आयएनएएस 315, 'विंग्ड स्टॅग्ज', सोव्हिएत आयएल-38 घेऊन उभी राहिली. चार इंजिनं, आणि शेपटीच्या टोकाला पाणबुडीच्या लोखंडामुळे पृथ्वीच्या चुंबकत्वात पडणारा फरक टिपणारं उपकरण. 1988 मध्ये 312 ला आठ टुपोलेव्ह टीयू-142 मिळाली. 1992 मध्ये तमिळनाडूतला अरक्कोणमचा राजाली तळ सुरू झाला आणि 312 तिकडे गेली. टीयू-142 चं 29 वर्षांचं, एकही अपघात नसलेलं उड्डाण 2017 च्या मार्चमध्ये थांबलं.

315 चं नशीब वेगळं. 1 ऑक्टोबर 2002, स्क्वाड्रनचा रौप्यमहोत्सव. गोव्यावर संचलन-उड्डाण करताना दोन आयएल-38 एकमेकांवर आदळली. दोन्ही विमानांतले 12 जण गेले, जमिनीवरचीही माणसं गेली. पाच विमानांच्या छोट्या स्क्वाड्रनमधून दोन विमानं आणि दोन पूर्ण चमू एका सकाळी जातात, तेव्हा नुकसान आकड्यांत मावत नाही. एक ऑब्झर्व्हर मुरायला दहा-बारा वर्षं लागतात. तरीही उरलेली विमानं सुधारून उडत राहिली आणि ऑक्टोबर 2023 च्या अखेरीला निवृत्त झाली.

आता हे काम बोइंगच्या पी-8आय विमानांकडे आहे. पहिलं मे 2013 मध्ये अरक्कोणमला आलं. एकूण 12 आहेत. गोव्यातली दुसरी स्क्वाड्रन, आयएनएएस 316, मार्च 2022 मध्ये सुरू झाली. सी किंगची जागा घेणाऱ्या एमएच-60आर हेलिकॉप्टरची 334 ही स्क्वाड्रन 2024 च्या मार्चमध्ये कोचीला उभी राहिली. ऑब्झर्व्हरच्या खुर्चीत आता मुलीही बसतात. 2020 मध्ये सब लेफ्टनंट कुमुदिनी त्यागी आणि रिती सिंग यांची युद्धनौकांवरच्या हेलिकॉप्टरसाठी निवड झाली. एनडीएतून 17 मुलींची पहिली तुकडी 30 मे 2025 ला बाहेर पडली, आणि सेवापूर्व शिक्षणासाठी नाशिकला मुलींची वेगळी संस्था आहे. बीड, हिंगोलीच्या शाळांतल्या नववी-दहावीच्या मुलींपर्यंत ही माहिती वेळेत पोहोचायला हवी, कारण तयारी तिथूनच सुरू होते.