कपाळ आणि टाच

भाचीला मुलगी झाली. पाचव्या रात्री आमच्या घरात पाटा-वरवंटा मांडला, हळद-कुंकू वाहिलं, समई तेवत ठेवली आणि उशाशी एक कोरी वही नि पेन ठेवलं. मध्यरात्री सटवाई येते, बाळाच्या कपाळावर त्याचं आयुष्य लिहिते, आणि ते मग कुणाला खोडता येत नाही. एखादं दुःख माणसाची पाठ सोडेना की आपण ते त्याच्या ‘पाचवीला पुजलेलं’ म्हणतो, ते या रात्रीवरूनच. मी देव मानत नाही आणि सटवाईही मानत नाही. पण बाळंतिणीच्या खोलीत वाद घालू नये, म्हणून ओसरीवर मामांजवळ जाऊन बसलो. वाद तिथे सुरू झाला.

मामा निवृत्त गणित शिक्षक. गीतेचा एक अध्याय रोज वाचतात. म्हणाले, “तू सटवाई मानत नाहीस, ठीक. पण तुमचं विज्ञान तरी वेगळं काय सांगतं? मेंदू आधी ठरवतो आणि माणसाला मागाहून कळतं, असं मी वाचलंय. म्हणजे लिहिलेलंच आहे की सगळं. तुमच्याकडे न्यूरॉन लिहितात एवढंच.”

प्रश्न खरा होता. देव नाकारणारेही पुष्कळदा इथे अडखळतात. आत्मा नाही म्हटलं की निवड करणारा कोण, असं विचारलं जातं, आणि मग ‘आपण सगळे यंत्रच’ असं म्हणून ते मोकळे होतात. मला ते पटत नाही.

मामांनी वाचलेला प्रयोग अमेरिकी मेंदूशास्त्रज्ञ बेंजामिन लिबेट यांचा. १९६५ साली जर्मनीत कोर्नहुबर आणि डेके या दोन संशोधकांना दिसलं होतं, की माणूस स्वतःहून बोट हलवतो त्याच्या आधी मेंदूत एक विद्युत संकेत हळूहळू चढत जातो. लिबेटनी त्याला घड्याळ लावलं. सॅन फ्रान्सिस्कोच्या त्यांच्या प्रयोगशाळेत माणसं खुर्चीत बसत. समोरच्या पडद्यावर एक ठिपका २.५६ सेकंदांत एक फेरी मारे. सूचना एवढीच, की वाटेल तेव्हा मनगट हलवा, आणि हलवावंसं पहिल्यांदा वाटलं तेव्हा ठिपका कुठे होता ते सांगा. १९८३ साली आलेले आकडे चक्रावणारे होते. हालचालीच्या साधारण ०.२ सेकंद आधी माणसाला इच्छा जाणवत होती, तर मेंदूतला संकेत सुमारे ०.५५ सेकंद आधीच चढायला लागलेला. जवळजवळ एक तृतीयांश सेकंद माणसाला पत्ताच नाही! पुढे २००८ साली जर्मनीतल्याच एका गटाने मेंदूच्या स्कॅनवरून, डावं बटण दाबलं जाईल की उजवं, हे कित्येक सेकंद आधी ओळखून दाखवलं. त्यांचा अंदाज साठ टक्क्यांच्या आसपास बरोबर येत होता. नाणं उडवूनही पन्नास टक्के मिळतात, ही गोष्ट बातम्यांमधून निसटली.

खुद्द लिबेटनी इच्छास्वातंत्र्य सोडलं नव्हतं. इच्छा जाणवल्यापासून हात हलेपर्यंतच्या क्षणात माणूस ‘नको’ म्हणू शकतो, असं ते मानत. पण माझा मुद्दा त्या चढणाऱ्या संकेताबद्दलचा आहे. तो संकेत म्हणजे निर्णयच, हे कशावरून?

पावसाळ्यात मरीन ड्राइव्हवर उभं राहा. लाटा येत-जात असतात, मधूनच एखादी कठड्यावरून उडून रस्ता भिजवते. आता फक्त रस्ता भिजवणाऱ्या चाळीस लाटा निवडा आणि प्रत्येकीच्या आधीच्या काही सेकंदांत पाणी कसं होतं ते मागे जाऊन पाहा. सगळ्यांची सरासरी काढलीत, तर पाणी हळूहळू चढत गेलेलं दिसणारच. पण रस्ता भिजवायचं समुद्राने काही सेकंद आधी ठरवलं होतं, असं कुणी म्हणणार नाही. मेंदूतही असे चढउतार सतत चालू असतात. मेंदूसंशोधक आरोन शुर्गर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ साली हेच गणिताने मांडलं. माणसाला ‘वाटेल तेव्हा’ हलवायचं आहे, कारण काहीच नाही, तेव्हा मेंदूतली नेहमीची खळबळ ज्या क्षणी उंबरठा ओलांडते त्या क्षणी हात हलतो. लिबेटचे आलेख हालचालीपासून मागे मोजून सरासरीने काढलेले होते, त्यामुळे ती चढण तयारीसारखी दिसली.

आणि मनगट हलवणं हा कसला निर्णय? २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात लोकांपुढे दोन सेवाभावी संस्था ठेवल्या. काही वेळा त्यांच्या निवडीने एका संस्थेला खरोखर हजार डॉलर मिळणार होते. काही वेळा मात्र कोणतंही बटण दाबलं तरी दोघींना सारखेच पैसे जाणार होते. ज्या निवडीने काहीच बदलणार नव्हतं तिथे लिबेटचा संकेत उमटला. विचार करून केलेल्या निवडीत तो जवळपास दिसलाच नाही.

म्हणून त्या संकेतावर ‘सगळं लिहिलेलं आहे’ हा निष्कर्ष उभा राहत नाही. तरीही मी मामांना कबूल केलं, की मेंदूतल्या प्रत्येक घडामोडीमागे कारणं असतात. शरीराबाहेरून येऊन कळ दाबणारा आत्मा कोणत्याही स्कॅनमध्ये सापडलेला नाही. अणूंच्या पातळीवरच्या क्वांटम अनिश्चिततेत स्वातंत्र्य शोधण्यातही अर्थ नाही. अणू लहर लागल्यासारखा फुटतो, म्हणून तो काही स्वतंत्र होत नाही.

मामा लगेच म्हणाले, “मग अठराव्या अध्यायात हेच आहे. ईश्वर सर्व भूतांना यंत्रावर बसवल्यासारखं फिरवतो.” तो एकसष्टावा श्लोक. मी त्यांना त्रेसष्टावा आठवून पाहायला सांगितलं: ‘यथेच्छसि तथा कुरु’, तुला हवं तसं कर. दोन श्लोकांत यंत्रही आहे आणि मोकळीकही. मामा म्हणाले ती लीला आहे. मला ती जुनी अडचण वाटते, आणि ती एकट्या गीतेची नाही. जगात दुःख का, या प्रश्नावर ख्रिस्ती संत ऑगस्टीनने माणसाच्या स्वतंत्र इच्छेकडे बोट दाखवलं, तर पुढे ख्रिस्ती धर्मसुधारक कॅल्व्हिनने कोण तरणार हे देवाने आधीच ठरवल्याचं सांगितलं. शिक्षा द्यायची तर माणूस मोकळा हवा. सांत्वन करायचं तर सगळं ठरलेलं हवं. धर्माला दोन्ही लागतं.

यातलं मला सर्वांत निष्ठुर वाटतं ते मतिमंद मुलाच्या आईला ‘मागच्या जन्मीचं’ असं ऐकवणं. तिथे लेख सटवाईचा आणि दोष मात्र त्या बाईचा.

ज्योतिषी कुंडलीत वाचतात त्या लेखाची परीक्षाही झालेली आहे. २००८ साली पुण्यात जयंत नारळीकर, नरेंद्र दाभोलकर आणि सहकाऱ्यांनी शंभर हुशार आणि शंभर मतिमंद मुलांच्या कुंडल्या गोळा केल्या. प्रत्येक ज्योतिषाला चाळीस पाठवल्या. कोणती कुंडली कुणाची, एवढंच ओळखायचं होतं. उत्तरं पाठवणाऱ्या २७ जणांची सरासरी ४६ टक्के आली. नाणं उडवलं असतं तरी चाललं असतं.

आता टाचेकडे येतो. पाचवीच्या दोन दिवस आधी रुग्णालयातल्या परिचारिकेने आमच्या बाळाच्या टाचेला बारीक सुई टोचून रक्ताचे ठिपके कागदावर घेतले होते. त्यातून टीएसएच नावाचं, थायरॉइड ग्रंथीला कामाला लावणारं संप्रेरक मोजतात. भारतात साधारण अकराशे बाळांत एकाची थायरॉइड ग्रंथी जन्मतः नीट काम करत नसते. बाळ दिसायला अगदी ठीक असतं, पण थायरॉइडच्या संप्रेरकाविना त्याच्या मेंदूची वाढ खुंटते, आणि लक्षणं दिसेपर्यंत पुष्कळ नुकसान होऊन गेलेलं असतं. पहिल्या दोन आठवड्यांत थायरॉक्सिनची गोळी सुरू झाली, तर तेच मूल चारचौघांसारखं शिकतं, बोलतं, भांडतं.

मामांना मी हेच म्हणालो. नशीब म्हणजे काहीही केलं तरी चुकणार नाही ते. कारण म्हणजे जे बदललं की पुढचंही बदलतं ते. दोन्हींना ‘ठरलेलं’ म्हणता येतं, म्हणून आपण फसतो. कारणांची साखळी आहे म्हणून तर ती गोळी लागू पडते. आणि आपलं विचार करणं, शिकणं, कुणाचं म्हणणं पटणं हीसुद्धा त्या साखळीतली कडीच आहे, साखळीबाहेरचा प्रेक्षक नाही. मला लागतं तेवढं स्वातंत्र्य एवढंच: कारण दाखवलं तर माझं वागणं बदलू शकतं.

“मग गुन्हेगाराला शिक्षा का?” मामांनी विचारलं. गणिताचा माणूस, सोडणार थोडाच.

कायद्याने आत्म्याचा पुरावा कधी मागितलेला नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम २० नुसार सात वर्षांखालच्या मुलाचं कृत्य गुन्हा ठरत नाही. कलम २२ मनोविकारामुळे कृत्याचं स्वरूप समजूच न शकणाऱ्या माणसाला वगळतं. पाहायचं असतं ते एवढंच, की या मेंदूपर्यंत कारण पोचतं का. पार्किन्सनवरच्या काही औषधांनी, कधीही पत्ता हातात न धरलेल्या माणसांना जुगाराचं वेड लागल्याची उदाहरणं डॉक्टरांनी नोंदवली आहेत. औषध कमी केलं की ते बहुधा ओसरतं. त्या माणसाला पापी म्हणून काय हाती लागेल? गुन्हेगाराला अडवावं लागतं, इतरांना वाचवावं लागतं, तो सुधारेल अशी व्यवस्था करावी लागते. सूड म्हणून यातना देण्याचं समर्थन मात्र मला कुठेच सापडत नाही.

मामा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “रक्ताचा रिपोर्ट कधी येणार?”

तो आठव्या दिवशी आला. टीएसएच व्यवस्थित. उशाशी ठेवलेल्या वहीचं पहिलं पान अजून कोरं होतं. भाचीने त्यावर लशींच्या तारखा लिहून काढल्या: सहा आठवडे, दहा आठवडे, चौदा आठवडे.