एमबीबीएसला कॉलेज कुठलं घ्यायचं? फॉर्म भरायला येण्याआधी एवढं वाचून या

नीटचा निकाल लागला की आमच्या ऑफिसात पहिला प्रश्न ठरलेला, "सर, एवढ्या मार्काला कुठलं कॉलेज लागेल?" त्यातलं चांगलं कुठलं, आपल्या पोराला-पोरीला झेपणारं कुठलं, हे विचारायचं राहून जातं आणि मग अलॉटमेंट झाल्यावर रात्री फोन येतो की सर, ते कॉलेज कसंय हो. म्हणून हे पत्रक छापलंय. लातूरच्या ट्यूशन एरियात आमचं छोटं ऑफिस आहे, स्टेटचे आणि ऑल इंडियाचे फॉर्म भरून देतो, चॉइस लिस्ट लावायला मदत करतो, बस. सीट आम्ही देत नाही. सीट मेरिटने लागते, आणि पैसे घेऊन सरकारी सीट लावून देतो म्हणणारा माणूस भेटला तर सरळ उठून या.

मार्क नाही, रँक बघा

२०२४ ला सुधारित निकालातसुद्धा ७२० पैकी ७२० वाले १७ जण होते. २०२५ ला पेपर असा आला की देशात पहिल्या आलेल्या मुलाला ६८६ पडले. आता तुम्ही शेजारच्या मुलाचे २०२४ चे मार्क धरून कॉलेज शोधायला लागलात तर काय होणार, एकतर उगाच रडारड नाहीतर उगाच पेढे. मागच्या दोन-तीन वर्षांत आपल्या कॅटेगरीची शेवटची सीट कितव्या ऑल इंडिया रँकला गेली आणि स्टेट मेरिटला कितव्या नंबरला गेली ते बघायचं, तेही पहिल्या राऊंडचं वेगळं आणि शेवटच्या राऊंडचं वेगळं, कारण दोन्हींत बराच फरक पडतो. ही यादी आमच्याकडे फुकट बघायला मिळेल.

कुठली सीट कुठून मिळते

सरकारी कॉलेजच्या १५ टक्के सीट ऑल इंडिया कोट्यात, त्या दिल्लीच्या एमसीसीमार्फत, म्हणजे केंद्राच्या मेडिकल कौन्सेलिंग कमिटीमार्फत भरतात. एम्स, पुदुच्चेरीचं जिपमर आणि सगळी डीम्ड विद्यापीठंही (विद्यापीठाचा दर्जा मिळालेल्या संस्था) तिथेच. नागपूरला मिहानमधलं एम्स महाराष्ट्रात असलं तरी स्टेटच्या फॉर्ममध्ये सापडणार नाही, ते एमसीसीतूनच. सरकारीच्या उरलेल्या ८५ टक्के आणि खासगी कॉलेजच्या सीट आपल्या राज्याच्या प्रवेश यंत्रणेकडे, म्हणजे सीईटी सेलकडे. पुण्याच्या एएफएमसीसाठी, म्हणजे सैन्यदलाच्या मेडिकल कॉलेजसाठी, नाव एमसीसीच्या साईटवरच नोंदवायचं पण पुढे त्यांची स्वतःची परीक्षा, मुलाखत आणि मेडिकल असते, आणि नंतर सैन्यात सेवा द्यायची असते, हे घरात आधी बोलून घ्या. गोव्याच्या बांबोळीच्या कॉलेजचं मूळ थेट १८४२ च्या पोर्तुगीज काळातल्या वैद्यकीय शाळेत आहे, महाराष्ट्राच्या मुलाला ते ऑल इंडियातूनच मिळू शकतं.

आणि हो, "मराठवाड्याचा ७० टक्के कोटा", म्हणजे इथल्या कॉलेजच्या ७० टक्के सीट इथल्याच मुलांना, आता नाही. तो २०२० मध्ये रद्द झाला. अजूनही दर सीझनला विचारतात म्हणून ठळक सांगतोय.

आमच्याकडे येणाऱ्या मराठा समाजातल्या पालकांसाठी एक खास गोष्ट: एसईबीसी हे राज्याचं आरक्षण आहे, एमसीसीच्या फॉर्मला ते चालत नाही, तिथे निकषात बसत असाल तर केंद्राचं ईडब्ल्यूएस सर्टिफिकेट लागतं, नाहीतर ओपन. ओबीसीवाल्यांनाही एमसीसीला केंद्राच्या नमुन्यातलं सर्टिफिकेट लागतं, राज्याचं दाखवून भागत नाही.

कॉलेज म्हणजे त्याचं हॉस्पिटल

आमचं मत विचाराल तर निवड इथे करायची. बिल्डिंग, एसी लेक्चर हॉल, इन्स्टाग्रामवरचं गॅदरिंग, हे सगळं पहिल्या महिन्यात जुनं होतं. डॉक्टर पेशंट बघून घडतो, आणि पेशंट कुठे आहेत ते बघा.

मुंबईचं ग्रँट मेडिकल म्हणजे जेजे १८४५ पासून आहे, परळचं जीएस म्हणजे केईएम १९२६ पासून. पुण्याचं बीजे म्हणजे ससून, संभाजीनगरची घाटी, नागपूरचं मेडिकल आणि मेयो, सोलापूर, मिरज, ही जुनी दवाखान्याची कॉलेजं, यांच्या ओपीडीला कुठून कुठून लोक येतात हे आपल्याकडच्या कुणालाही माहीत आहे. इथे पेशंट कमी पडणार नाही. पण दुसरी बाजूही सांगतो, जेजे, केईएम, ससून आणि नागपूर मेडिकलची बॅच २५० ची आहे, वॉर्डात एका बेडभोवती इतकी पोरं उभी की मागच्याला सरांचा आवाज येतो फक्त, पेशंट दिसत नाही. तिथे पुढे घुसणारा मुलगा सोनं करतो, लाजाळू मुलगा पाच वर्षं मागे उभा राहतो. आपलं लेकरू कुठल्या प्रकारचं आहे ते तुम्हालाच माहीत.

म्हणून अंबाजोगाईचं नाव आम्ही मुद्दाम घेतो. १९७४ चं कॉलेज, खास ग्रामीण भागासाठी काढलेलं. सापाचं, विंचवाचं, शेतातल्या औषधाचं पॉयझनिंग, अडलेली बाळंतपणं, हे सगळं तिथे रोजचं. लातूरची मुलं "अंबाजोगाई? एवढ्या जवळ?" म्हणून नाक मुरडतात आणि त्याच रँकला लांबचं नवीन कॉलेज वर टाकतात, का तर शहर मोठं आहे. आम्हाला हे पटत नाही.

सेवाग्रामचं महात्मा गांधी इन्स्टिट्यूट वेगळ्याच धाटणीचं. १९६९ ला गांधी जन्मशताब्दीला सुरू झालं, खादीचा आग्रह, बॅचने गाव दत्तक घ्यायचं, गावात जाऊन राहायचं. पूर्वी त्यांची प्रवेश परीक्षाच वेगळी असायची आणि त्यात गांधी विचारांचा पेपर असायचा, आता नीटवर. ज्याला आवडतं त्याला फार आवडतं. ज्याला फक्त रँक बसतोय म्हणून टाकायचंय त्याने एकदा जाऊन बघून यावं.

आता नवीन कॉलेजं. २०२४ मध्ये एकदम दहा सुरू झाली: जालना, हिंगोली, वाशिम, बुलडाणा, अमरावती, भंडारा, गडचिरोली, नाशिक, अंबरनाथ आणि मुंबईत जीटी हॉस्पिटलचं. त्याआधी धाराशिव, परभणी, सातारा, अलिबाग, सिंधुदुर्ग, रत्नागिरी, नंदुरबार. नवीन म्हणजे वाईट असं नाही, पन्नास-शंभरच्या बॅचला सर नावाने ओळखतात. फक्त बरीचशी जिल्हा रुग्णालयाला जोडून चालू झालीत, स्वतःची इमारत व्हायची असते, हॉस्टेल कधीकधी भाड्याच्या बिल्डिंगमध्ये, सीनियर बॅच नसल्यामुळे पुस्तकं-नोट्स-अनुभव देणारं कुणी नसतं. एनएमसीचा (राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाचा) नियम १०० सीटला ४२० बेड आणि १५० सीटला ६०५ बेड असा आहे, पण बेड मोजून उपयोग नाही, बेडवर माणूस आहे का ते बघायचं.

ते कसं बघायचं? सुट्टीच्या दिवशी नको, सोमवारी सकाळी दहाला जा आणि ओपीडीची रांग बघा. कॅज्युअल्टीच्या बाहेर तासभर बसा. डीनना भेटून काही कळत नाही, वेबसाईटवर तर सगळेच बेस्ट असतात, कँटीनमध्ये एखादा इंटर्न गाठा आणि चहा पाजून विचारा की बाबा, तुला स्वतःच्या हाताने काय करायला मिळालं, टाके घालतोस का, डिलिव्हरी केल्यास का नुसत्या बघितल्यास, रात्री वॉर्डात शिकवायला कुणी असतं का. पीजीच्या, म्हणजे एमडी-एमएसच्या, सीट कुठल्या डिपार्टमेंटला आहेत तेही विचारा. पीजी खूप असले की इंटर्नच्या वाट्याला रक्त काढणं आणि रिपोर्ट आणणं उरतं, पीजी अजिबातच नसले की अडल्यावर विचारायचं कुणाला. मधलं कुठेतरी बरं. इंटर्नशिपचं विद्यावेतन वेळेवर मिळतं का, खासगीत तर नक्की विचारा.

मुलींच्या पालकांनी हॉस्टेल कॅम्पसमध्येच आहे का, रात्रीच्या ड्युटीवरून हॉस्टेलपर्यंतचा रस्ता कसा आहे, हे स्वतः चालून बघा.

डिग्रीचं म्हणाल तर सरकारी असो की खासगी, डीम्ड आणि एम्स-बिम्स सोडून बाकी सगळे नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाचाच पेपर देतात. डीम्डची परीक्षा त्यांची स्वतःची. केंद्र सरकारच्या एनआयआरएफ रँकिंगवर फार जाऊ नका, त्यात रिसर्च पेपर वगैरेला वजन असतं आणि माहिती कॉलेजच भरून पाठवतं, वॉर्डात काय शिकायला मिळतं ते त्यावरून कळत नाही.

पैसे

सरकारीत फी सगळ्यात कमी, पण बॉण्ड आहे: एमबीबीएसनंतर एक वर्ष सरकारी सेवा, नाहीतर १० लाख भरायचे. खासगीची फी शुल्क नियामक प्राधिकरण दर वर्षी कॉलेजवार ठरवतं, ती त्यांच्या साईटवर दिसते, एजंटच्या तोंडची ऐकू नका. खासगीतल्या इन्स्टिट्यूशनल (म्हणजे मॅनेजमेंट) कोट्याची फी याच्या कितीतरी पट असते, दोन्हींत गल्लत करू नका. डीम्डला बहुतेक ठिकाणी वर्षाला वीस लाखांच्या वर धरून चाला आणि फी साडेचार वर्षांची घेतात का पाच, दर वर्षी वाढते का, मेस आणि हॉस्टेल सक्तीचं आहे का, हे लेखी घ्या. पहिल्या वर्षाचे पैसे जमतात हो, तिसऱ्या वर्षी शेत विकायची वेळ येते.

८ जुलै २०२४ च्या जीआरनुसार ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना, घरचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर, ट्यूशन फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे. खासगी कॉलेजला सीईटी सेलच्या प्रवेश फेरीतून, म्हणजे कॅप राऊंडमधून, लागली तरीही. डीम्ड आणि मॅनेजमेंट कोट्याला मात्र नाही. या एका जीआरमुळे कितीतरी घरांत मुलीसाठी खासगीचा विचार होऊ शकतो, तो करा.

परराज्यात ऑल इंडियातून जायचं असेल तर त्या राज्याचा बॉण्ड वेगळा, वॉर्डातली भाषा वेगळी. पीजीचंही डोक्यात ठेवा: २९ जानेवारी २०२५ ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं की पीजीला नुसत्या डोमिसाइलवर आरक्षण देता येणार नाही, एमबीबीएस कुठे केलं यावरचं प्राधान्य मात्र मर्यादित प्रमाणात चालेल. परदेशातल्या एमबीबीएसची कामं आम्ही करत नाही, पण जाणाऱ्याने कोर्स किमान ५४ महिन्यांचा आणि इंग्रजीत आहे का एवढं तरी बघावं, परत आल्यावर परीक्षा आहेच.

चॉइस लिस्ट

सगळ्यात जास्त गोंधळ इथे. "वरचं कॉलेज लागणारच नाही, मग ते टाकून नंबर का वाया घालवायचा?" नंबर वाया जात नाही! कॉम्प्युटर तुमच्या यादीत वरून खाली येतो आणि तुमच्या मेरिटला जिथे पहिली सीट शिल्लक सापडते ती देतो. वर दहा अशक्य कॉलेजं टाकलीत तरी खालच्या अकराव्याचा हक्क जात नाही. उलट जे हवंय ते खाली टाकलंत आणि नको असलेलं वर, तर नको असलेलंच लागेल. लग्नात आहेर लोकांकडे बघून ठरवतात तशी ही यादी लावू नका, ज्या क्रमाने खरंच हवंय त्याच क्रमाने लावा. आणि जिथे मेलं तरी जाणार नाही असं कॉलेज यादीत टाकूच नका.

पुढच्या राऊंडला वरचं कॉलेज लागलं की आधीची सीट आपोआप जाते, परत मागता येत नाही. आणि मिळालेल्यावर समाधानी असाल तर स्टेटस रिटेन्शनचा फॉर्म भरायचा, तो भरला की पुढच्या राऊंडचा विषय संपला. पोराची सही घ्यायच्या आधी आई, वडील आणि पोरगा तिघांनी एकत्र बसून ठरवा, आमच्या टेबलासमोर भांडण नको.

डीम्डसाठी एमसीसीला २ लाख डिपॉझिट लागतं. रिफंड ज्या खात्यातून पैसे गेले त्याच खात्यात येतो, म्हणून स्वतःच्या खात्यातूनच भरा, आमच्या किंवा नेट कॅफेवाल्याच्या नाही.

येताना आणायचं: नीटचं स्कोअरकार्ड, दहावी-बारावीचं मार्कशीट, डोमिसाइल आणि नॅशनॅलिटी, जात प्रमाणपत्र, कास्ट व्हॅलिडिटी, नॉन क्रीमी लेयर चालू वर्षाचं म्हणजे पुढच्या ३१ मार्चपर्यंत चालणारं, आधार. व्हॅलिडिटी अजून काढली नसेल तर निकालाची वाट न बघता आजच अर्ज करा. मूळ कागद आमच्याकडे ठेवून जाऊ नका, झेरॉक्स पुरते. मोबाईल नंबर तुमचाच टाकायचा, पासवर्ड तुमच्या वहीत, आणि ओटीपी आला की तो तुम्ही स्वतः टाइप करायचा, आमच्या पोरांनी मागितला तरी द्यायचा नाही.