गिअर पंपाचा शाफ्ट बुशला टेकत नाही

ट्रॅक्टरची नांगर-ट्रॉली उचलणारी लिफ्ट ज्याच्या तेलावर चालते तो गिअर पंप बिघडल्यावर उघडला की पाहणाऱ्याची नजर आधी गिअरच्या दातांवर जाते. दात बहुतेक वेळा शाबूत असतात. शाफ्टही तुटलेला नसतो. खरी खूण असते पंपाच्या ॲल्युमिनियम बॉडीच्या आत, सक्शनच्या, म्हणजे तेल आत येण्याच्या बाजूला. गिअरच्या दातांच्या टोकांनी तिथं खाच कोरलेली असते, बोट फिरवलं तर लागते. शाफ्ट ज्यात फिरतो तो नळीसारखा बुशही त्याच बाजूने एकतर्फी झिजलेला असतो. डिलिव्हरीची, म्हणजे तेल बाहेर जाण्याची बाजू मात्र नव्यासारखी.

यवतमाळ, वर्धा, अमरावती जिल्ह्यांतल्या तालुक्याच्या गावी, ट्रॅक्टरचं काम करणाऱ्या वर्कशॉपांत उन्हाळी नांगरणीच्या दिवसांत असे पंप बाकावर पडलेले दिसतात. तक्रारही ठरलेली: "भाऊ, सकाळी बरोबर उचलते, पण तापली का लिफ्ट उचलूनच नाही राह्यली." मग कोणी सांगतं शाफ्ट कमजोर निघाला, कोणी सांगतं लेथवर नवा करून घे. शाफ्टवर असा आळ येतो तेव्हा मला वाईट वाटतं, कारण बहुतेक वेळा तो निर्दोष असतो. त्याच्यापर्यंत तेल पोचलेलं नसतं, किंवा पोचलं तेव्हा ते कामाचं राहिलेलं नसतं.

पंपाची रचना साधी आहे. एका बंद खोलीत दोन गिअर एकमेकांत अडकून फिरतात. एकाला इंजिन फिरवतं, दुसरा त्याच्या दातांमुळे फिरतो. तेल दोन गिअरांच्या मधून जातं असा पुष्कळांचा समज असतो, पण तसं होत नाही. ते दातांमधल्या खाचांत बसून बॉडीच्या भिंतीला लागून बाहेरून वळसा घेतं आणि पलीकडे उतरतं. मधोमध दात एकमेकांत घट्ट बसलेले असल्यामुळे त्याला परतीची वाट राहत नाही. झडप नसलेला असा दोन चाकांचा पंप १७व्या शतकाच्या सुरुवातीलाच योहान्स केपलर यांनी खाणीतलं पाणी उपसण्यासाठी योजला होता; ग्रहांच्या कक्षांचे नियम मांडणारे तेच केपलर.

आता जोर कुठं पडतो ते पाहू. लिफ्ट ओझं उचलत असताना डिलिव्हरीकडच्या तेलाचा दाब १५० बार आहे असं धरा (एक बार म्हणजे साधारण हवेच्या दाबाएवढा). सक्शनकडे दाब जवळजवळ नाहीच. म्हणजे प्रत्येक गिअरला एका अंगाने प्रचंड रेटा आणि दुसऱ्या अंगाने काहीच आधार नाही. गिअर ४० मिलिमीटर व्यासाचा आणि २० मिलिमीटर रुंद असेल, तर त्याच्या समोरून दिसणारं क्षेत्रफळ ८ चौरस सेंटिमीटर भरतं. दाब गिअरच्या परिघावर हळूहळू चढत जातो, त्यामुळे पूर्ण रेटा लागत नाही. साधारण ८५ टक्के लागतो. हिशोब केला तर हा जोर १,००० किलोच्या थोडा वर जातो. मुठीत मावेल एवढ्या गिअरला दहा क्विंटलांचा रेटा, तोही सतत सक्शनच्या दिशेने. खाच त्याच बाजूला का पडते याचं उत्तर इथंच मिळतं.

याच मापाचा पंप एका फेऱ्यात सुमारे १२ घन सेंटिमीटर तेल ढकलतो. मिनिटाला २,००० फेरे झाले तर २४ लिटर. १५० बार दाबाला त्यासाठी सुमारे ६ किलोवॅट, म्हणजे आठ अश्वशक्ती लागते, आणि शाफ्टवर पीळ पडतो जेमतेम २९ न्यूटन-मीटरचा. चांगल्या पोलादाचा १६ मिलिमीटरचा शाफ्ट एवढा पीळ सहज पेलतो. शाफ्टची परीक्षा पाहतो तो त्याला एका बाजूला रेटणारा जोर. दोन्ही गिअरांत इंजिनकडून न फिरणाऱ्या गिअरवर हा जोर थोडा अधिक असतो, कारण दातांचा रेटा तिथं तेलाच्या रेट्यात मिळतो आणि पहिल्या गिअरवर तो थोडा वजा होतो. म्हणून पुष्कळदा दुसऱ्या गिअरचा बुश आधी जातो.

हे दहा क्विंटल दोन बाजूंच्या दोन बुशांत वाटले जातात. १८ मिलिमीटर व्यासाच्या आणि २० मिलिमीटर लांबीच्या बुशवर दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १४५ किलो भार येतो. एवढ्या भाराखाली पोलाद बुशला टेकून मिनिटाला दोन हजार फेरे फिरलं तर बुश फार वेळ टिकणार नाही. पण चांगला पंप हजारो तास चालतो. याचं कारण, चालू पंपात शाफ्ट बुशला टेकलेलाच नसतो.

ही गोष्ट जगाला कळली ती एका अडचणीतून. इंग्लंडमध्ये बीचम टॉवर (Beauchamp Tower) हे अभियंते रेल्वेच्या धुऱ्यांच्या बेअरिंगवर प्रयोग करत होते. त्यांचा अहवाल १८८३ साली प्रसिद्ध झाला. धुरा खाली तेलात बुडालेला, वर अर्धगोल पितळी बेअरिंग आणि त्यावर भार. तेल घालण्यासाठी टॉवर यांनी बेअरिंगच्या माथ्याला भोक पाडलं. यंत्र सुरू केलं तर तेल आत जाण्याऐवजी त्या भोकातून वर येऊन सांडू लागलं. त्यांनी बूच ठोकलं, तेलाने ते बाहेर फेकलं. लाकडी खुंटी ठोकली, तीही उडाली. शेवटी तिथं दाबमापक बसवला, तेव्हा तेलाचा दाब बेअरिंगवरच्या सरासरी भाराच्या दुपटीहून अधिक निघाला. भार तेलानेच उचलून धरला होता, आणि हा दाब कोणत्याही पंपाने दिलेला नव्हता. फिरणाऱ्या धुऱ्याने तो स्वतःच तयार केला होता. १८८६ साली ऑस्बॉर्न रेनॉल्ड्स यांनी यामागचं गणित मांडलं. आजही बेअरिंगचा प्रत्येक हिशोब त्याच समीकरणापासून सुरू होतो. यंत्रशास्त्रातले इतके सुंदर प्रयोग मला फार थोडे माहीत आहेत.

भरधाव गाडीचं चाक रस्त्यावर साचलेल्या पाण्यावर चढतं आणि जमिनीपासून सुटतं. बुशमध्ये तेच घडतं. शाफ्ट बुशपेक्षा किंचित बारीक असतो आणि भारामुळे एका बाजूला सरकतो. त्यामुळे दोघांमध्ये एक निमुळती फट राहते. फिरणारा शाफ्ट चिकट तेलाला त्या फटीत ओढतो, पुढे जागा कमी होत जाते, तेल कोंडतं, दाब चढतो आणि शाफ्ट उचलला जातो. त्यासाठी तीन गोष्टींचा मेळ लागतो: तेलाचा चिकटपणा, फिरण्याचा वेग आणि भार. पहिल्या दोन कमी झाल्या किंवा तिसरी वाढली की तेलाचा थर पातळ होतो. हा थर एरवीही मोठा नसतो. असल्या पंपात तो मिलिमीटरचे दोन ते पाच हजारांश भाग, म्हणजे २ ते ५ मायक्रॉन असतो.

एवढा बारीक थर राखायचा म्हणून शाफ्टची घडण ठरते. शाफ्ट आणि गिअर बहुधा एकाच पोलादी तुकड्यातून करतात, पृष्ठभाग कडक करून घेतात आणि मग ग्राइंडिंगने इतका गुळगुळीत करतात की त्यावरचे उंचवटे मायक्रॉनच्या एका छोट्या अंशापुरते उरतात. लेथवर कातलेल्या शाफ्टवरच्या रेघा दोन-तीन मायक्रॉनपासून पुढे कितीही उंच असू शकतात, म्हणजे तेलाच्या थराएवढ्या किंवा त्याहून जास्त. आपल्याकडचे खरादी कारागीर मापाला पक्के असतात आणि त्यांनी केलेला शाफ्ट बुशमध्ये बरोबर बसतोही. पण नरम पोलाद आणि कातलेला पृष्ठभाग घेऊन तो या कामाला पुरा पडत नाही. त्यात कारागिराचा दोष नाही, काम लेथच्या पलीकडचं आहे.

मग शाफ्ट जाडच का करत नाहीत? जाड केला तर भार जास्त जागेवर पसरेल, वाकही कमी येईल. पण शाफ्टची जाडी गिअरच्या दातांच्या बुडाच्या वर्तुळापेक्षा बरीच कमी ठेवावी लागते, कारण शाफ्ट आणि दातांचं बूड यांच्या मधला गिअरचा सपाट कडा बाजूच्या प्लेटला लागून डिलिव्हरीचं तेल अडवतो. आपल्या उदाहरणातल्या गिअरला १२ दात असतील तर बुडाचं वर्तुळ सुमारे २७ मिलिमीटरचं येतं. शाफ्ट १८ चा ठेवला तर चारही बाजूंनी साडेचार मिलिमीटरचा कडा मिळतो. २४ चा केला तर दीडच उरेल आणि तेल तिथून निसटत राहील. लांबी वाढवावी तर शाफ्टला वाक येतो, आणि टोकाशी पाच मायक्रॉनचा तिरकेपणा आला तरी सारा भार बुशच्या कडेवर जातो. पंपाची रचना करणारा या दोन अडचणींच्या मधली अरुंद वाट शोधत असतो.

बुशला तेल मिळतं ते पंपाच्याच तेलातून. गिअरच्या बाजूंनी थोडंसं तेल निसटतं, बुशमधून जातं आणि आतल्या वाटेने सक्शनकडे परततं. काही पंपांत ही वाट शाफ्टमधूनच काढलेली असते. शाफ्ट आरपार पोकळ असतो. बुशमध्ये तेलाची खाचही असते, पण ती भार नसलेल्या बाजूला, म्हणजे डिलिव्हरीच्या अंगाला ठेवतात. टॉवर यांचं भोक भाराच्या माथ्यावर होतं म्हणून तेल तिथून बाहेर पळालं. नवा बुश बसवताना तो उलटा बसला, किंवा जास्त तेल पोचावं म्हणून कोणी सक्शनच्या बाजूला हॅकसॉने खाच पाडली, तर नेमकं तेच होतं: दाब त्या खाचेतून निघून जातो आणि शाफ्ट खाली बसतो. हेतू चांगला असूनही पंप जातो.

परतीची ही वाट ऑइल सीलच्या, म्हणजे शाफ्टभोवतीने तेल बाहेर येऊ न देणाऱ्या कडीच्या मागूनही जाते. ती गाळाने बुजली की सीलमागे दाब चढतो आणि सील बाहेर येतं. एकाच दिशेचा पंप उलटा फिरवला तरीही तसंच, कारण मग सक्शनची बाजू डिलिव्हरी होते आणि पूर्ण दाब सीलवर येतो. ट्रॉलीच्या जॅकसाठी जुन्या बाजारातून पंप आणताना त्यावरचा फिरण्याच्या दिशेचा बाण पाहायचा तो यासाठी.

आपल्याकडे उष्णतेचा प्रश्न वेगळाच आहे. ४६ ग्रेडच्या हायड्रॉलिक तेलाचा चिकटपणा ४० अंशांना ४६ सेंटिस्टोक (चिकटपणा मोजण्याचं एकक) असतो. ८० अंशांना तो अकराच्या आसपास येतो. मे महिन्यात चंद्रपूर-वर्ध्याकडे सावलीतलंच तापमान ४५ अंशांवर जातं, तिथं तेल ८० पर्यंत पोचायला फार काही करावं लागत नाही. त्यात भरलेली ट्रॉली वर चढत नाही म्हणून लिव्हर ओढून धरलं आणि जादा दाबाचं तेल सोडून देणारा रिलीफ व्हॉल्व्ह शिटी मारत राहिला, तर १५० बारचा सगळा दाब उष्णतेत बदलतो आणि टाकीतून निघून परत येण्याच्या प्रत्येक फेरीत तेल नऊ अंशांनी तापतं. टाकीत २४ लिटर तेल आणि पंपही मिनिटाला २४ लिटरचा असेल, तर मिनिटाला नऊ अंश. अशा वेळी इंजिन मंद असेल तर वेगही कमी, तेल पातळ आणि भार पूर्ण. बुशसाठी याहून वाईट वेळ नाही. सकाळी चालणारी लिफ्ट दुपारी बसते ती याच कारणाने. झिजलेल्या फटीतून दाट तेल निसटत नाही, पातळ निसटतं.

तेल दाट घेतलं की प्रश्न सुटला असंही नाही. डिसेंबरच्या पहाटे नागपूरचा पारा १० अंशांखाली उतरतो, तेव्हा फार दाट तेल सक्शनच्या जाळीतून वेळेवर येत नाही. पंप रडल्यासारखा आवाज करतो आणि तेलात विरघळलेली हवा बुडबुडे होऊन बाहेर पडते. ज्या ट्रॅक्टरात गिअरबॉक्सचं आणि लिफ्टचं तेल एकच असतं, तिथं तर मनाने ग्रेड बदलूच नये.

धुळीचं गणितही मायक्रॉनचंच आहे. काळ्या मातीतले चिकणमातीचे कण २ मायक्रॉनहून बारीक असतात. जास्त घात करतात ते तिच्यासोबत येणारे, त्याहून मोठे आणि वाळूसारखे कठीण कण. दहा-वीस मायक्रॉनचा कठीण कण पाच मायक्रॉनच्या थरात शिरला की नरम बुशमध्ये रुततो आणि शाफ्टला घासत राहतो. टाकीचा ब्रीदर, म्हणजे हवा गाळून आत घेणारं झाकण हरवलं म्हणून तोंडाला चिंधी बांधलेली दिसते तेव्हा हे आठवावं. हिंगणघाट, वणीकडच्या जिनिंगमध्ये धुळीसोबत कापसाची रुई असते. गाठी दाबणाऱ्या प्रेसच्या तेलाच्या कूलरवर तिचा थर बसला की हवा थांबते आणि तेल पुन्हा तापू लागतं.

बाहेरून येणारा जोर हे पंप मरण्याचं आणखी एक मोठं कारण. पंपाच्या शाफ्टवर थेट पुली बसवून पट्टा ताणला, तर आधीच्या दहा क्विंटलांत पट्ट्याची ओढ मिळते, तीही बुशच्या बाहेर, टोकावर. पट्ट्यावर चालवायचाच असेल तर पुलीला वेगळं बेअरिंग द्यावं आणि पंपाला कपलिंगने, म्हणजे दोन शाफ्ट जोडणाऱ्या सांध्याने जोडावं. कपलिंग शाफ्टवर हातोडीने ठोकू नये. तो घाव आतल्या प्लेटवर बसतो.

स्प्लाइनने, म्हणजे शाफ्टच्या टोकावर लांबीच्या दिशेने कातलेल्या दातांनी जोडलेल्या पंपात आणखी एक झीज असते. सरळ रेषेत नसलेल्या दोन शाफ्टांचे स्प्लाइन प्रत्येक फेऱ्यात अगदी थोडे पुढे-मागे सरकतात. कोरडे असतील तर तिथं लालसर तपकिरी भुकटी साठते आणि दात पातळ होत जातात. म्हणून कित्येक रचनांत शाफ्टच्या पोकळीतून थोडं तेल स्प्लाइनपर्यंत आणतात, किंवा इंजिनचं तेल तिथं खेळतं ठेवतात. तेल भुकटी वाहून नेतं आणि हवेला आत येऊ देत नाही. तशी सोय नसेल तर बसवताना चांगलं ग्रीस भरावं.

नवा पंप बसवताना आधी सक्शनच्या तोंडातून स्वच्छ तेल भरावं आणि शाफ्ट हाताने काही फेरे फिरवावा, म्हणजे बुश ओले होतात. मग इंजिन मंद ठेवून, लिफ्टवर काही न लावता पाच-दहा मिनिटं चालू द्यावं. टाकीतल्या तेलावरचा फेस बसला आणि आवाज एकसारखा झाला की नांगर जोडावा.