हॅलो किटी आणि यूको यामागुची: आमच्या ग्राहकांसाठी माहिती

हॅलो किटी या जपानी कार्टून पात्राचे चित्र असलेली वस्तू हातात घेतल्यावर हे चित्र कोणी काढले, असे अनेक ग्राहक आम्हाला विचारतात. एका नावात हे उत्तर मावत नाही, म्हणून ते येथे सविस्तर देत आहोत.

किटी प्रथम रेखाटली ती जपानमधील सॅनरिओ कंपनीत, १९७४ मध्ये, यूको शिमिझु यांनी. तिचे चित्र असलेली पहिली वस्तू म्हणजे चिल्लर ठेवण्याचे व्हिनाइलचे छोटे पाकीट. त्यावर एका बाजूला दुधाची बाटली, दुसऱ्या बाजूला सोनेरी माशाचे काचेचे भांडे आणि मध्ये अंग एका बाजूला वळवून बसलेली, आपल्याकडे पाहणारी किटी आहे. शिमिझु यांनी १९७६ मध्ये कंपनी सोडली. त्यानंतर काही वर्षे सेत्सुको योनेकुबो यांनी हे काम सांभाळले.

यूको यामागुची यांचा जन्म १९५५ मध्ये शिकोकू बेटावरील कोची येथे झाला. कलाशिक्षण पूर्ण करून १९७८ मध्ये त्या सॅनरिओमध्ये रुजू झाल्या आणि १९८० मध्ये, वयाच्या पंचविशीत, किटीच्या तिसऱ्या डिझायनर झाल्या. त्यांच्या कारकिर्दीतील सर्वांत मोलाची गोष्ट आम्हा दुकानदारांना विशेष जवळची वाटते, कारण त्या स्वतः दुकानांत जाऊन स्वाक्षरी देत, मुलांशी बोलत आणि त्यांना काय आवडते, काय खटकते, हे ऐकून घेत. जाड काळी बाह्यरेषा त्यांनी काही काळ काढून टाकली, तेव्हा किटी मऊ खेळण्यासारखी दिसू लागली. पुढे लहानपणी किटीवर जीव लावलेल्या मुली मोठ्या झाल्या, आणि त्यांनाही न संकोचता वापरता यावी अशी कृष्णधवल मालिका १९८७ मध्ये आली. आज आई आणि मुलगी एकाच कपाटासमोर उभ्या राहून आपापली वस्तू निवडतात, त्याची सुरुवात आम्हाला याच निर्णयात दिसते.

किटीला तोंड का काढलेले नाही, हाही नेहमीचा प्रश्न आहे. पाहणाऱ्याची जी मनःस्थिती असेल ती तिच्या चेहऱ्यावर दिसावी, आनंदात ती आनंदी आणि दुःखात सोबतीची वाटावी, असा त्यामागील विचार सांगितला जातो.

वस्तू निवडताना बो, म्हणजे कानाजवळची रिबिनीची गाठ, अवश्य पाहावा. किटीचा बो तिच्या डाव्या कानाजवळ, म्हणजे आपल्या उजव्या हाताला असतो. तो दुसऱ्या कानाजवळ असून पिवळा असेल, तर ती किटीची जुळी बहीण मिमी आहे.